वाळूवाला पिक्चर

आमच्या औंढ्यात एका पिक्चरवर जेवढी चर्चा झाली तेवढी इलेक्शनवरबी झाली न्हाई. आणि गंमत अशी, की त्या पिक्चरचं खरं नाव आजबी गावात कोणाला माहीत न्हाई. परभणीवरून आलेल्या दोन कॉपी मारलेल्या सीड्या होत्या. कोऱ्या, चकाकत्या, पन्नीत गुंडाळलेल्या. वर ना नाव, ना फोटो, ना नंबर. इंग्रजी पिक्चर, हिंदीत डब केलेला. गावानं त्याला वाळूवाला पिक्चर म्हणलं आणि तेच नाव पडलं.

सीड्या आणल्या होत्या केबलवाल्या काकांनी. त्यांचं ऑफिस म्हंजी बसस्टँडच्या मागं पत्र्याची एक खोली. तिच्यात दोन टीव्ही, एक सीडी प्लेअर आणि वायरींचा ढीग. बाकीचे च्यानल तर ते दाखवायचेच, पण एक च्यानल त्यांचा सोताचा होता. त्याच्यावर रोज दुपारी, लाईट असली तर, पिक्चर लागायचा. खालून पट्टी फिरायची, अमक्याच्या पोराला वाढदिवसाच्या शुभेच्छा, तमक्याकडं बियाणं मिळंल. नंबर नसलेल्या सीड्या आल्या की काकांची एक ठरलेली रीत होती. दोन्ही सीड्या थोड्या थोड्या लावून बघायच्या, जिच्या सुरुवातीला मारामारी ती पयली. ते म्हणायचे, पिक्चर धडाक्यात सुरू झाला न्हाई तर गिऱ्हाईक च्यानल बदलतंय, एवढं तर पिक्चर बनवणाऱ्याला कळत असंल का न्हाई. त्यांची ही रीत चुकल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

मी तव्हा बारावीत होतो, म्हंजी कॉलेजच्या हजेरीत होतो. माझा खरा धंदा आवाज काढायचा. स्टँडवर गाड्या पुकारणारा कंट्रोलर, फिजिक्सचे सर, देवळाच्या लाउडस्पीकरवरून हरवलेल्या लेकरांची नावं सांगणारा माणूस, आमच्या गल्लीतला बोकड, सगळे माझ्या गळ्यात राहायचे. कोणाचा साखरपुडा असला, बारसं असलं की मला बोलावणं यायचं. गावाचीच नक्कल गावाला करून दाखवायची, लोक पोट धरून हसायचे, मग जेवायचं आणि घरी यायचं. येवढ्या लोकांना हसवून आलं की घर लई गप वाटायचं.

घरात आमी दोघंच, मी आणि माय. माय देवळाजवळच्या खानावळीत पोळ्या लाटायची. यात्रेकरूंची जेवणं उरकली की दुपारी घरी, दिवस कलला की परत संध्याकाळच्या पोळ्यांना. बाप बोरच्या गाडीवर होता. जमिनीत पाण्यासाठी भोक पाडायची मशीन ट्रकवर बसवलेली असते, तिच्यासंगं माणसं या राज्यातून त्या राज्यात फिरतात आणि गाडीखालीच झोपतात. बाप तसा गेला दक्षिणेकडं. दोन वर्षांनी एकदा घरी आला, थोडे दिवस राहिला, परत गेला. त्यानंतर आला न्हाई. ना कार्ड, ना निरोप. मी तव्हा दुसरीत होतो. सगळ्या गावाचा आवाज काढतो, पण बापाचा येत न्हाई, कारण ऐकलेला ध्यानातच न्हाई.

माय कुंकू लावत राहिली आणि त्याच्याबद्दल बोलली न्हाई. तो दुसऱ्या बारीला काहून गेला, जाताना काय म्हणला, कोणाशी भांडला का, मला काहीच माहीत न्हव्हतं. मला तेवढंच पायजे होतं, त्या एका दिवसाची गोष्ट. पण इचारायची सोय न्हव्हती. इचारलं की माय उठून भांडं घासायला लागायची, घासलेलंच भांडं परत घासायची. मग मी कंट्रोलरचा आवाज काढायचो, ती हसायची आणि विषय संपायचा.

आता पिक्चर सांगतो, जसा आमी पाह्यला तसा.

सुरुवातीलाच धुराळा. लोखंडी माणसं गोळ्या घालून राहिली आणि एक दाढीवाला माणूस भुयारातून पळून राहिला. बाहेर येतो तर चहूकडं वाळू, आकाश लाल, वर दोन सूर्य. लांब एक घर दिसतं, निळ्या दाराचं. तो चालतो. चालून चालून थकतो तरी घर तेवढंच लांब. दाढी वाढते, बूट फाटतात. शेवटी एकदाचा पोचतो आणि दार वाजवतो. दार उघडतं. आतून कोण, तर तोच. म्हातारा झालेला तोच. म्हातारा त्याच्याकडं बघतो आणि बाजूला सरकून आत घेतो. सगळा पडदा पांढरा. सीडी संपली.

दुसरी सीडी लागली की तेच निळं दार, पण आतल्या बाजूनं. तो माणूस घरात, जवान, दाढी केलेली. बायको सैपाक करते, पोरगी खेळते. निवांत घर. मग कोट घातलेली माणसं येतात, काहीतरी कंपनीचं काम, लांब जायचं. बायको दारात त्याच्या हातात पिशवी देते. तो एका लांबलचक पांढऱ्या रस्त्यानं चालत जातो, मागं दार लागतं. संपला पिक्चर.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या खोलीसमोर चहावाल्याच्या बाकड्यावर जागा न्हव्हती. जो तो आपलं मत घेऊन आला होता. चहावाला म्हणला, सगळं कबूल, पण येवढ्या वाळवंटात चालणाऱ्या माणसाची दुसऱ्या सीडीत दाढी कोणी केली ते सांगा. न्हावी तिथंच होता, त्याला हा प्रश्न आपल्या धंद्याचा वाटला. तो म्हणला, दाढीचं सोडा, माझ्या दुकानात समोरासमोर दोन आरसे हायेत, मधल्या खुर्चीत बसलं की आपण कितीदा दिसतो मोजा, तो म्हातारा म्हंजी शेवटच्या आरशातला माणूस. फिजिक्सच्या सरांनी काळ वाकतो कसा ते चहाच्या बशीवर समजावलं, लई वेळ समजावलं. मग कोणीतरी इचारलं, सर, तुमच्या गल्लीत तर काल दुपारी लाईट न्हव्हती. सर म्हणले, सिद्धांताला पिक्चर बघायची गरज नसते.

पुसेगावाकडच्या एका तांड्यावरचे एक म्हातारे आजोबा बाजाराला आले होते. पाव्हण्याच्या घरी त्यांनी अर्धा पिक्चर पाह्यला होता. त्यांचं मत सगळ्यात सरळ. "घर हाय म्हंजी पाणी हाय," ते म्हणले. "कोणीतरी तिथं बोर मारून गेलं असंल." बाकडं हसलं. मीबी हसलो, पण जरा मागून.

काकांना इचारलं तर ते म्हणले, मला समजला न्हाई, म्हणून तर परत लावणार हाय. आणि त्यांनी परत लावला. मग फर्माईश सुरू झाली. पाऊस पडेपर्यंत तो पिक्चर किती बार लागला असंल, देव जाणे.

मला तर खजिनाच सापडला. मी सगळ्यांची मतं त्यांच्या त्यांच्या आवाजात करून दाखवायला लागलो. चहावाल्याची शंका, न्हाव्याचे आरसे, सरांची बशी, तांड्यावरल्या आजोबांचं पाणी. आयटमचं नावच पडलं, वाळूवाला पिक्चर. लोक खुद्द न्हाव्याला समोर बसवून मला न्हाव्याचा आवाज काढायला लावायचे. पण शेवटी टाळ्या घ्यायचं ते मायचं मत.

माय पयल्या दिवशी खानावळीतून आली तव्हा पयली सीडी अर्धी झाली होती. हाताला पीठ तसंच. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि उभ्यानंच सगळा पिक्चर बघितला. संपल्यावर म्हणली, "येवढं वाळवंट तुडवून माणूस घरी आला. अन् त्या बयेनं पिशवी काहून दिली त्याच्या हातात?"

मी म्हणलो, अगं माय, कंपनीचं काम असतंय.

"त्यानं मागितली व्हती का पिशवी?" माय म्हणली. "न्हाई न मागितली. तिनंच दिली."

सगळा गाव काळ, आरसे, सूर्य मोजून राहिला होता आणि माझी माय पिशवीवर अडली होती. लोकांना ते लई भारी वाटायचं. मी कमरेवर हात ठेवून तिच्या आवाजात म्हणायचो, तिनंच दिली, आणि मंडप हलायचा.

घरात मात्र वेगळंच सुरू झालं. पिक्चर लागला की माय बघायचीच. आणि त्याच्याबद्दल बोलायची. मी जेवताना सहज इचारायचो, माय, तो घरी आला तव्हा त्याला काय वाटलं असंल? ती म्हणायची, थकला असंल, पाय दुखत असतील, माणसाला आधी गरम पाणी द्यावं. मी इचारायचो, मग थांबला काहून न्हाई? ती म्हणायची, त्याचं थांबायचं मन व्हतं, त्याच्या तोंडावर दिसून राहिलं व्हतं. येवढं ती माझ्याशी कधीच बोलली न्हव्हती. आमी कोणाबद्दल बोलतोय ते मला कळत होतं. तिलाबी कळत असंल. पण बोलणं वाळूवाल्या माणसाचं होतं, त्यामुळं तिला भांडं घासायला उठावं लागत न्हव्हतं. कधी ना कधी ती पिक्चरमधून निघून बापावर येईल, म्हणून मी रोज थोडं थोडं इचारत राहायचो. पण पिशवीशी आलं की ती थांबायची. बाई येडी हाय, येवढंच म्हणायची आणि ताट उचलायची.

मग बारावीचा निकाल लागला, जसा लागायचा तसा. ओळखीच्या एकानं भोसरीत एका कंपनीत लावून दिलं आणि मी पुण्याला गेलो.

पुण्यात पयल्यांदा कळलं की माझी कला औंढ्याच्या शिवेपर्यंतच चालते. रूमवर आमी चौघं, शिफ्टवाले, एक उठला की त्याच्याच गादीवर दुसरा झोपायचा. एका सुट्टीच्या दिवशी तिघं संगं सापडले. मी कंट्रोलरचा आवाज काढला. मग सर, मग न्हावी. माझ्या मते तर उत्तम झालं. ते बघत राहिले. एकजण म्हणला, हे लोक कोण हायेत? आता काय सांगणार. नक्कल बघायला आधी अस्सल माणूस माहीत लागतो. मी मग सिनेमातल्या नटांचे आवाज काढले, ते सगळेच काढतात, तेवढ्यावर हसले बिचारे. त्यानंतर मी आवाज काढणं कमी केलं. कंपनीत मशीनच्या आवाजात तसंबी कोणी बोलत न्हव्हतं. काही काही दिवस असे जायचे, की चहावाल्याला एक कटिंग म्हणलेलं सोडलं तर तोंडातून शब्द निघायचा न्हाई.

रूमच्या खाली एक नेट कॅफे होता. तिथं सुट्टीला बसायचो, काय बघायचं ते माहीत नसताना. एकदा सहज डोक्यात आलं, वाळूवाला पिक्चर शोधावा. नाव माहीत न्हाई, म्हणून मोडक्या इंग्रजीत टाइप केलं, दोन सूर्य, वाळू, निळं दार. आणि निघालं. एक सोडून मतांची थप्पीच्या थप्पी निघाली. जगभरातली माणसं त्या पिक्चरवर भांडून राहिली होती. थेटरात चालला न्हाई म्हणे, पण ज्यांनी बघितला त्यांना सोडत न्हाई. एकजण म्हणत होता तो माणूस सुरुवातीलाच मेलाय. एकजण म्हणत होता घर म्हंजीच मशीन. एकानं आरशांबद्दल लांबलचक लिहिलं होतं, वाचताना मला सारखा आमचा न्हावी दिसत होता, येवढ्यासाठी ह्याला येवढी पानं लागली. मला लई बरं वाटलं. किती महिन्यांनी माझ्या ओळखीचं कोणीतरी भेटलं असं वाटलं.

मग मीबी लिहिलं. एक एक शब्द शोधून लिहिलं, की माझ्या मायचा एक प्रश्न हाय. येवढं सगळं सोसून माणूस घरी आल्यावर बायको त्याच्या हातात पिशवी काहून देते?

पुढच्या सुट्टीला जाऊन बघितलं तर उत्तरं आली होती. एकानं नुसतं हसण्याचं चित्र टाकलं होतं. दुसऱ्या एका भल्या माणसानं लिहिलं होतं, मित्रा, पिशवी सुरुवातीला आहे. घर आधी, वाळवंट नंतर. म्हाताऱ्यानं दार उघडलं की पिक्चर संपतो. तुमच्याकडं सीड्या उलट्या लावल्या असतील.

मी तिथं खुर्चीत बसून राहिलो. कॅफेवाला म्हणला, टाइम वाढवू का, मी म्हणलो वाढव, आणि समोर काहीच बघितलं न्हाई. आधी हसू आलं. अख्खा औंढा, सरांचा सिद्धांत, दाढीचा प्रश्न, सगळं काकांच्या मारामारीच्या रीतीवर उभं होतं. मग वाटलं की हे हसायला सांगायचं कोणाला? आमी पाह्यलेला पिक्चर जगात दुसऱ्या कोणी पाह्यलेलाच न्हव्हता. आणि मग पिशवी आठवली. पिशवी जर आधी असंल तर त्या बाईचा काही दोष न्हाई. पुढं काय होणार ते तिला माहीतच न्हव्हतं. माणूस एकदाच गेला, आणि उरलेला सगळा पिक्चर तो घराकडंच येऊन राहिला होता.

मला वाटलं, हे मायला सांगितलं पायजे. नुसतं सांगून न्हाई, दाखवलं पायजे. त्या बाईला ती इतके दिवस येडी म्हणून राहिली, ती सुटंल. आणि पिशवीशी येऊन आमचं बोलणं थांबायचं, ते कदाचित पुढं सरकंल.

दिवाळीत गेलो तर काकांच्या खोलीचं रूप बदललं होतं. अर्ध्यात मोबाइलची रिचार्ज कार्डं, केबलची गिऱ्हाइकं घराघरावर डिशची छत्री बसवणाऱ्यांनी नेली होती. लोकल च्यानल बंद. वाळूवाल्या सीड्या मात्र त्यांनी जपल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजी मारामारी मधात येते?" ते म्हणले.

मी म्हणलो, व्हय काका.

"असा कसा पिक्चर काढून राहिले हे लोक," ते म्हणले आणि आपला जुना प्लेअरबी वायरीसकट माझ्या हातात दिला. वर म्हणले, गावात सांगू नको बाबा, सरांना तकलीफ होईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय खानावळीतून आली. मी तिला खाटेवर बसवलं आणि म्हणलो, आज बराबर लावतो बघ. घरवाली सीडी आधी लावली. निळं दार, सैपाक, खेळणारी पोरगी. माय गुडघ्यावर हनुवटी ठेवून बघत होती. कोटवाली माणसं आली. बाईनं पिशवी दिली. तो पांढऱ्या रस्त्यानं गेला, दार लागलं, सीडी थांबली. मी तिला समजावलं. ही सुरुवात हाय माय. वाळवंट नंतर. तो आधी कुठं गेला न्हव्हता, म्हणून तिनं पिशवी दिली. तिला वाळवंटाचं काही माहीतच न्हव्हतं.

माय टीव्हीच्या काळ्या काचेकडं बघत होती.

"म्हंजी तिला माहीत नव्हतं," ती म्हणली.

"न्हाई न."

"मला माहीत व्हतं."

गळ्यात कंट्रोलर तयार होता, सर तयार होते, पण मी गप बसलो.

ती बसल्या जागेवरून, माझ्याकडं न बघता, सांगत गेली. दोन वर्षांनी आला तव्हा बापाची हाडं दिसत होती. बोरच्या धुराळ्यानं छाती भरलेली, खोकला थांबत न्हव्हता. गाडीवरचं एक पोरगं मशीनखाली येऊन मेलेलं त्यानं डोळ्यानं बघितलं होतं. तो म्हणला, मी आता जात न्हाई, इथं काहीबी करतो. पण इथं काम न्हव्हतं. तो दिवसभर ओट्यावर बसायचा. गल्लीतल्या बाया पाण्याला जाता येता इचारायच्या, पाव्हणा अजून हाये का. शेजारीण म्हणली, तुझा नवरा बराय बाई, बसून खातो. मायला ते सहन झालं न्हाई.

"मी म्हणलं, जा," माय म्हणली. "तो म्हणला, चार रोज थांबतो. मी म्हणलं, चार रोजानं काय व्हणार हाय. पिशवी मीच भरली. तू शाळेत गेला व्हता."

इतक्या वर्षांत मी त्या दिवसाच्या किती गोष्टी मनात बनवल्या होत्या. बाप भांडून गेला, बाप दारू पिऊन गेला, बापाला दुसरी बाई होती, बापाला आमी नको होतो. सगळ्या गोष्टीत जाणारा बापच होता.

"उशीर झाला का बघ," ती म्हणली, म्हंजी खानावळीला. मग तीच म्हणली, "लाव दुसरी."

मी दुसरी सीडी लावली. लोखंडी माणसं, गोळ्या, लाल आकाश. येवढ्या बार बघितलेली वाळू, पण मी पयल्यांदा बघतोय असं वाटलं, कारण आता तो कुठून निघालाय ते माहीत होतं. तो चालत होता आणि घर तेवढंच लांब होतं. माय पदराचं टोक बोटाला गुंडाळून बघत होती. त्यानं दार वाजवलं. म्हाताऱ्यानं उघडलं. पडदा पांढरा झाला, आणि ह्या बारीला त्याच्यापुढं काही न्हव्हतं. बायको न्हाई, पोरगी न्हाई.

"आला तं आला," माय म्हणली. "पण घरात कोणीच न्हाई की."

ती संध्याकाळी खानावळीला गेली न्हाई. निरोप धाडला की अंग दुखतंय.

माझी पुण्याची गाडी त्याच संध्याकाळी होती. एरवी मी जायचा असलो की माय दुपारपासून मागं लागायची. आटप, गाडी जाईल, तिथं पगार कापतील. माझी ब्याग तीच भरायची, चिवड्याचा डबा, खालून टॉवेल, आणि उचलून दारात आणून ठेवायची. त्या दिवशी ब्याग कोपऱ्यात रिकामीच पडली होती. माय तांदूळ निवडत बसली. माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली, तिचीबी गेली. ती काही म्हणली न्हाई. मीबी उठलो न्हाई. स्टँड आमच्या घरापासून जवळ, गाडीचा हॉर्न ऐकू येतो. तो वाजला, परत एकदा वाजला, आणि मग गाडी गेली. मायनं तांदळातला खडा उचलून बाजूला टाकला आणि इचारलं, भाजी कशाची करू.

सकाळी उठलो तर ती घरात न्हव्हती. खानावळीच्या चुली पेटायला अजून टाइम होता. ताटाखाली भाकरी झाकून ठेवली होती, भाजी गरम होती, म्हंजी आत्ताच गेली होती. मी जेवलो. ब्याग माझी मीच भरली, जशी जमली तशी, ओला टॉवेल वरच. सुट्टी संपली होती, जाणं भाग होतं. कुलूप लावून चावी शेजारी दिली.

जाता जाता देवळाच्या बाजूनं गेलो, वाट वाकडी होती तरी. फुलांची दुकानं उघडून राहिली होती, खानावळीतून धूर येत होता. माय आत पाटावर बसलेली, रस्त्याकडं पाठ करून. बाकीच्या बाया अजून आल्या न्हव्हत्या. ती एकटीच पोळ्या लाटत होती, येवढ्या सकाळी कोण खाणार होतं त्या. मी समोरच्या दुकानाच्या आडोशाला ब्याग खांद्यावर घेऊन उभा राहिलो. तिच्या पाठीवर पीठ लागलं होतं. एक आवाज काढला असता, बोकडाचा काढला असता तरी ती वळली असती, हसलीबी असती.

पण वळली असती तर तिला मला जा म्हणावं लागलं असतं. मी तसाच स्टँडकडं गेलो.